शंभर टक्के सुती बाण

कुरापाटी शेठचा फोन, सकाळी सव्वासातला.
"काय बे, तेलुगू पानावर मराठी कसं काय यायलंय?"
बघतो, म्हणालो.
तोंडात ब्रश असताना बघतो म्हणणं
हा या धंद्यातला नमस्कार.

चार भाषांची वेबसाइट. टॉवेल आणि चादरी.
अक्कलकोट रोडला चोवीस माग,
आणि माझं टेबल शिलाईच्या खोलीत,
कीबोर्डाच्या फटींतून सुताचा भुसा.

आधी कानडी धरलं.
यंत्रानं चादरीच्या घडीचं गडियार करून ठेवलेलं.
विजापूरच्या एका गिऱ्हाइकानं विचारलंही,
भिंतीवर लावायचं का मनगटावर.

मग उर्दू.
उजवीकडून डावीकडे वळताना
फोन नंबरचे दोन तुकडे जागा बदलून बसले
आणि पंधरा दिवस होटगीचा एक पंक्चरवाला
टॉवेलच्या ऑर्डरी नाकारत राहिला.
मुबीनानं नंबर लावून पाहिला, तेव्हा तो म्हणाला,
"बाई, डझनाचा भाव तरी सांगून ठेवा."

राहिलं तेलुगू.
बाणा, म्हणजे आडवा धागा,
ज्याच्यावर शेठचं तीन मजली घर उभं,
तो झालेला बाणम्.
शंभर टक्के सुती बाण.
भीम, ज्याच्यावर ताणा गुंडाळतात, तो पांडव.
आणि धोटा तेवढा
मराठीतच, ठिय्या मारून.

कॅशे पुसला. फाइल पुन्हा चढवली.
फॉन्ट बदलला, ब्राउझर बदलला,
शेवटी चहाची गाडी बदलली.
धोटा तसाच.

मागं नरसम्मा टॉवेलचे काठ शिवत होती.
अक्का, म्हटलं, जरा वाचून सांग.
तिनं चष्मा पदराला पुसला.
"एंदि बिड्डा इदि?"
तेलुगू, अक्का. तुझं.
"माझं?" ती हसली.
"मी चौथीपर्यंत, ते पण मराठी शाळेत."
घरात आयुष्यभर बोललेली भाषा
तिनं कधी डोळ्यांनी पाहिलीच नव्हती.

मग मोबाइलला वाचायला लावलं.
हैदराबादच्या बातम्यांचा आवाज, ताठ, पावडर लावलेला.
तिनं अर्धंच ऐकलं.
"सोयरीक घेऊन येणारे बोलतात असं.
पहिल्या दिवशी."

मग बाणाला काय म्हणता तुम्ही?
"बाणा."
धोट्याला?
पाण्याला काय म्हणतात विचारल्यासारखं
तिनं माझ्याकडं पाहिलं.
"धोटाच की. तुझे आजोबा काय म्हणायचे?"
माझे आजोबा घरी कानडी बोलायचे, गिरणीत मराठी,
आणि रागात जे बोलायचे
त्याची फाइल अजून कुणी बनवलेली नाही.

दुपारी तीनला चूक सापडली.
यादीत, धोटा या नावाच्या शेवटी,
माझ्याच हातून पडलेली एक स्पेस.
दिसत नाही ती. कर्सर नेला
की उभी रेघ एक घर पुढं जाऊन थांबते, एवढंच.
तेवढ्यानं यंत्राला शब्द ओळखू येईना.
आपल्याच गल्लीत, टोपी घातली म्हणून,
कुणी ओळखू नये तसा.

पुसली. पान ताजं केलं. आवाज लावला.
नाडे, म्हणाला मोबाइल.

शिलाईचं मशीन थांबलं.
"परत लाव."
नाडे.
"परत."
मी चार वेळा लावला.
बाहेर चोवीस माग धडधडत होते, तरी तिला ऐकू गेला.
"अम्मा म्हणायची," ती म्हणाली.
"हातमाग होता तेव्हा. दिवा घेऊन शोधायची,
कुठं ठेवलास गं नाडे, म्हणून."
मग काही नाही. पाय पुन्हा पायपट्टीवर.

संध्याकाळी शेठचा फोन. "झालं का बे?"
झालं.
बाणम् चा बाणा केला. पांडवाला परत भीम केलं.
आणि एका ओळीत दोन शब्द ठेवले:
धोटा नाडे.
मध्ये स्पेस आहे. ही मुद्दाम.
शेठना सांगितलेलं नाही.